न मोजलेला पाऊस आणि पंचगंगेचा पूर

हायड्रॉलॉजीच्या पुस्तकातल्या प्रत्येक गणितात पाऊस दिलेला असतो. 'गिव्हन' म्हणून पहिल्याच ओळीत, तासातासाचा, छान टेबल करून. त्यापुढे आपण युनिट हायड्रोग्राफ काढतो, पीक डिस्चार्ज काढतो, उत्तराखाली दोन रेघा मारतो आणि मेसला पळतो. पण मित्रांनो, एकदा खऱ्या नदीचं गणित करायला बसून बघा. पहिला धक्का हाच बसतो की 'गिव्हन' कुठेच नाही.

आमच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्टसाठी पंचगंगा घेतली. त्याला कारण मीच. माझं घर कोल्हापूरचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांवर गेलं आणि २०२१ च्या जुलैमध्ये ५६ फुटांवर. तिथली इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, म्हणजे धोक्याच्याही वर बारा-तेरा फूट. २०१९ मध्ये पुणे-बेंगळुरू हायवे कित्येक दिवस बंद होता. आमच्याकडे पावसाळ्यात 'आज किती फूट?' हा प्रश्न 'जेवलीस का?' इतका कॉमन आहे. त्यामुळे किती पाऊस पडला की किती पाणी येणार, हे स्वतः करून बघायची माझी फार इच्छा होती. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे 'अपधाव' वगैरे शब्द मला इथे येऊन कळले. रनऑफला मी रनऑफच म्हणणार, मराठीच्या मॅडमनी माफ करावं.)

तर पाऊस. पर्जन्यमापक आहेत, नाही असं नाही. सकाळी साडेआठला कोणीतरी माणूस जातो, साध्या मापकातलं पाणी मोजपात्रात ओततो आणि वहीत आकडा लिहितो. काही ठिकाणी आता आपोआप मोजणारी यंत्रं आहेत. पण आम्हाला हवा होता सलग वीस-पंचवीस वर्षांचा, रोजचा आणि घाटमाथ्यावरचा पाऊस. इथेच सगळं अडतं. मापकं बहुतेक गावात किंवा धरणाच्या वसाहतीत असतात, कारण तिथे माणूस असतो. सर्वांत जास्त पाऊस जिथे पडतो त्या जंगलात आणि कड्यावर वस्तीच नाही, मग मापक कोण वाचणार? मधल्या काही वर्षांच्या नोंदी गायब असतात. त्यातून डेटासाठी अर्ज करावा लागतो. एका ऑफिसात आमचा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंत आमची पहिली सबमिशन डेट येऊन गेली. असो.

अशा वेळी कोणीतरी सीनियर येतो आणि म्हणतो, 'अगं, ईरा-५ घे ना. फुकट आहे, तासातासाचा आहे, १९४० पासून आजपर्यंत एकही खाडा नाही.' हे ऐकून कोणाचाही जीव भांड्यात पडेल. पण ते घेण्याआधी ती काय चीज आहे हे समजून घेणं फार गरजेचं आहे. हा लेख त्यासाठीच आहे.

ईरा-५ हा 'रीअनॅलिसिस' डेटा आहे. इंग्लंडमधल्या रीडिंगला मुख्यालय असलेलं हवामान अंदाजाचं युरोपियन केंद्र तो तयार करतं. रीअनॅलिसिस म्हणजे काय? आपल्या भाषेत सांगायचं तर रीव्हॅल्युएशन! कल्पना करा, आपल्या युनिव्हर्सिटीने गेल्या ऐंशी वर्षांचे सगळे पेपर गोडाऊनमधून बाहेर काढले आणि एकाच एक्झामिनरकडून, एकाच मार्किंग स्कीमने पुन्हा तपासले. म्हणजे कडक सर आणि दयाळू मॅडम हा फरक संपला. हवामानाचंही तसंच आहे. रोजचा अंदाज काढणारी मॉडेल्स दर वर्षी-दोन वर्षांनी बदलतात, सुधारतात. त्यामुळे १९८५ चा नकाशा आणि २०१५ चा नकाशा शेजारी ठेवला तर हवामान बदललं की मॉडेल बदललं तेच कळत नाही. म्हणून एकच मॉडेल घ्यायचं, ते गोठवायचं, आणि जुनी सगळी निरीक्षणं त्याच्यातून पुन्हा चालवायची. ही कल्पना १९८८ मध्ये मांडणाऱ्यांमध्ये लेनार्ट बेंगट्सन यांच्याबरोबर जगदीश शुक्ला हे होते, जे मूळचे उत्तर प्रदेशातल्या बलियाचे. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या युजेनिया कॅलने आणि सहकाऱ्यांचा पेपर आला आणि तो डेटा जगभर वापरला गेला. फक्त त्याचा एकेक चौकोन अडीच अंशांचा होता. आपल्याकडे तेवढ्या चौकोनात कोल्हापूर, सांगली, सातारा आणि रत्नागिरी असे चार जिल्हे मावतील! त्यात पंचगंगा शोधणं म्हणजे जगाच्या नकाशात आपलं हॉस्टेल शोधण्यासारखं.

आता मॉडेल आणि निरीक्षण यांची सांगड कशी घालतात ते बघू. तुमची रूममेट आत्ता कुठे आहे हे ओळखायचं आहे. टाइमटेबल सांगतं की ती लॅबमध्ये असणार. हे झालं मॉडेल. पण कोणीतरी येऊन सांगितलं की ती दहा मिनिटांपूर्वी कॅन्टीनच्या जिन्यावर दिसली. हे झालं निरीक्षण. सांगणारी किती भरवशाची आणि टाइमटेबल किती पाळलं जातं, या दोन्हींचं वजन लावून आपण अंदाज करतो. ईरा-५ मध्ये हेच बारा-बारा तासांच्या खिडकीत होतं. त्या बारा तासांत फुगे, जहाजं, विमानं, जमिनीवरची केंद्रं आणि मुख्य म्हणजे उपग्रह यांनी जे जे पाहिलं, त्या सगळ्यांच्या शक्य तितक्या जवळून जाईल असा मॉडेलचा मार्ग वाकवला जातो. १९७९ मध्ये रोज सरासरी साडेसात लाख निरीक्षणं यात जात होती, २०१८ च्या अखेरीस ती रोज सुमारे दोन कोटी चाळीस लाख झाली.

या आकड्यातच एक गोम आहे. एक्झामिनर एकच असला तरी जुन्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका अर्ध्या फाटलेल्या आहेत. म्हणून 'ईरा-५ नुसार पंचगंगेच्या खोऱ्यात १९५० पासून पाऊस इतक्या टक्क्यांनी वाढला' असं वाक्य कोणाच्या रिपोर्टमध्ये दिसलं तर मी आधी शंका घेईन. पाऊस वाढला, की पाहणारे डोळे वाढले?

पण खरी गोम याहून मोठी आहे आणि ती पावसाचीच आहे. तापमान, हवेचा दाब, वारा, आर्द्रता यांची निरीक्षणं मॉडेलला दिली जातात. पर्जन्यमापकातला पाऊस दिला जात नाही! अमेरिकेवरचा रडारचा पाऊस २००९ पासून घेतात, तो अपवाद सोडला तर ईरा-५ मधला पाऊस हा मॉडेलने स्वतः तयार केलेला थोड्या तासांचा अंदाज असतो. म्हणजे आपल्या रीव्हॅल्युएशनच्या भाषेत, पावसाचा प्रश्न विद्यार्थ्याने लिहिलाच नव्हता. एक्झामिनरने बाकीची उत्तरं बघून 'याला हे आलं असतं' म्हणून मार्क दिले. बहुतेक वेळा ते मार्क बरोबरही असतात, कारण बाकीचा पेपर चांगला तपासलेला आहे. पण फाइलमध्ये 'टोटल प्रेसिपिटेशन' असं नाव दिसलं की आपण तो मोजलेला पाऊस समजतो. तो मोजलेला नाही. माझ्या मते या विषयात एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी पुष्कळ.

सपाट प्रदेशात, मोठ्या खोऱ्यात हे चालून जातं. सह्याद्रीवर का चालत नाही, त्यासाठी चौकोन मोजू. ईरा-५ मूळचा साधारण ३१ किलोमीटरचा आहे आणि आपल्याला तो पाव अंशाच्या चौकोनांत मिळतो. कोल्हापूरच्या अक्षांशावर पाव अंश म्हणजे उत्तर-दक्षिण जवळजवळ २८ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम २६-२७. क्षेत्रफळ ७४० चौरस किलोमीटरच्या आसपास. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते आणि नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते. तिथपर्यंतचं सगळं पाणलोट क्षेत्र अडीच हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. भागून बघा. संपूर्ण पंचगंगा साडेतीन चौकोनांत संपली!

आणि त्या साडेतीन चौकोनांत काय काय आहे? पश्चिमेला गगनबावडा, जिथे वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर कोल्हापूर शहर, जिथे हजाराच्या आसपास. आणखी पूर्वेला गेलं की त्याहून कमी. कोकणातून आलेलं ढगांचं लचांड कड्याला धडकतं, वर चढतं, थंड होतं आणि घाटमाथ्याच्या एका अरुंद पट्ट्यात सगळा पाऊस ओतून मोकळं होतं. मॉडेलला मात्र एका चौकोनासाठी एकच उंची माहीत असते. अर्धा चौकोन कोकणात समुद्रसपाटीजवळ आणि अर्धा घाटावर असला तरी त्याची सरासरी काढली जाते. म्हणजे मॉडेलमध्ये सह्याद्री हा कडा नसून एक लांबलचक उतार आहे, आपल्या पार्किंगच्या रॅम्पसारखा. उतारावर ढग हळूहळू चढतात, पाऊस पसरून पडतो. शिखराचा पाऊस कापला जातो आणि पर्जन्यछायेतल्या गावांना फुकटचा पाऊस मिळतो.

एवढ्या छोट्या अंतरात एवढा फरक पडतो का, अशी शंका येत असेल तर २६ जुलै २००५ ची मुंबई आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला ७३. अंतर पंचवीस-तीस किलोमीटर, म्हणजे जेमतेम एक चौकोन.

आता थोडं गणित, कागद घ्या. अडीच हजार चौरस किलोमीटरवर एका दिवसात सरासरी १०० मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी? पंचवीस कोटी घनमीटर, म्हणजे साधारण ८.८ टीएमसी. राधानगरी धरणाची पूर्ण क्षमता ८.३६ टीएमसी आहे. म्हणजे घाटातल्या एका बऱ्यापैकी पावसाच्या दिवसात एक अख्खं राधानगरी आकाशातून खाली येतं. हे सगळं पाणी अजिबात न मुरता २४ तासांत एकसारखं वाहिलं असं धरलं तर विसर्ग येतो २,९०० घनमीटर प्रतिसेकंद, एक लाख क्युसेकच्या थोडा वर. अर्थात हे ढोबळ आहे. कोल्हापूरपर्यंतचं क्षेत्र कमी आहे, काही पाणी मुरतं, काही धरणांत अडतं. पण आकड्याची जात कळते. राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी एक उघडला की सुमारे १,४०० क्युसेक पाणी सुटतं. सातही उघडले तरी दहा हजारांच्या घरात. 'राधानगरीचे दरवाजे उघडले, आता पूर येणार' असं आमच्या गल्लीत दर वर्षी म्हणतात. दरवाजांचा वाटा आहेच, पण धरणाच्या खाली आणि बाजूच्या नद्यांवर पडणारा पाऊस त्याहून कितीतरी मोठा खेळाडू आहे. म्हणूनच पावसाचा आकडा चुकला की सगळंच चुकतं.

किती चुकतं? इथे एक मजेशीर गोष्ट आहे. पाऊस ३० टक्के कमी धरला तर पूर ३० टक्के कमी येईल असं वाटतं ना? कर्व्ह नंबर पद्धतीने करून बघा. कर्व्ह नंबर ८० घेतला तर १०० मिलिमीटर पावसातून रनऑफ येतो सुमारे ५० मिलिमीटर. आता पाऊस ७० घ्या. रनऑफ येतो २७! पाऊस ३० टक्के कमी, पाणी ४६ टक्के कमी. पाऊस निम्मा, म्हणजे ५० धरला तर रनऑफ फक्त १४ मिलिमीटर, जवळजवळ तीन-चतुर्थांश पाणी गायब. कारण साधं आहे. पहिला पाऊस जमीन पिते आणि उरलेलाच वाहतो. चूक मात्र सगळी त्या उरलेल्या भागातून वजा होते. पॉकेटमनीतून मेसचं बिल आधी कापलं जातं, तसं. घरून पैसे थोडे कमी आले तरी मेसचं बिल तेवढंच राहतं, सिनेमा बंद होतो.

जमीन आधीच भिजलेली असेल तर हा गुणाकार कमी होतो. कर्व्ह नंबर ९० धरा. १०० मिलिमीटरला ७३ आणि ७० मिलिमीटरला ४५ येतात, म्हणजे ३८ टक्के घट. याचा अर्थ असा की जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात ईरा-५ ची चूक जास्त फुगते आणि ऑगस्टमध्ये, जमीन चिंब असताना, जरा कमी. कमी झाली तरी चूक राहतेच, आणि कोल्हापूरचे मोठे पूर जुलै-ऑगस्टमधलेच आहेत. तिथे तीस-चाळीस टक्के म्हणजे पाणी कोणत्या गल्लीपर्यंत येणार हा फरक. लोकांनी सामान माळ्यावर टाकायचं की घर सोडायचं, हे त्यावर ठरतं.

'पण मग मॉडेल कॅलिब्रेट करू की!' हे वाक्य मी व्हायवाच्या आधी लायब्ररीत निदान दहा वेळा ऐकलं असेल. इथे मला जरा भांडायचं आहे. कॅलिब्रेशन म्हणजे मॉडेलचे आकडे, म्हणजे माती किती पाणी पिते, बाष्पीभवन किती, भूजल किती सावकाश उतरतं वगैरे, असे फिरवत राहायचे की गणितातला विसर्ग मोजलेल्या विसर्गाशी जुळेल. मग नॅश आणि सटक्लिफ यांनी १९७० मध्ये दिलेला गुणांक काढायचा. एक आला तर शंभर टक्के जुळलं, शून्य आला तर मॉडेल सरासरीपेक्षा काही जास्त सांगत नाही. आपण ०.८ आला की पार्टी करतो. पण पाऊस जर मुळात कमी असेल तर मॉडेल काय करतं? नदीत पाणी कमी पडतंय हे बघून ते बाष्पीभवन दाबतं, जमिनीचं मुरणं बंद करतं, सह्याद्रीचं जंगल डांबरी रस्त्यासारखं करून टाकतं. गुणांक छान येतो. ग्राफ रिपोर्टमध्ये मस्त दिसतो. पण उत्तर बरोबर आणि स्टेप्स सगळ्या चुकीच्या! आपल्या जर्नलमध्ये असं केलं तर सर ओळखतात. मॉडेलचे मात्र सगळे लाड होतात. आणि ज्या वर्षी पाऊस नेहमीसारखा नसतो, म्हणजे नेमका ज्या वर्षी मॉडेलची गरज असते, त्या वर्षी हे लबाडीने जमवलेलं गणित कोसळतं.

यावर एक जुना, बिनखर्चाचा उपाय आहे. कॅलिब्रेशनच्या आधी ताळेबंद. नदीतून किंवा धरणात वर्षभरात आलेलं पाणी घ्या, त्याला पाणलोटाच्या क्षेत्राने भागा, मिलिमीटरमध्ये उंची मिळेल. आता तेवढ्याच क्षेत्रावरचा ग्रिडचा वर्षाचा पाऊस शेजारी लिहा. समजा पाणी आलं ३,००० मिलिमीटर आणि पाऊस म्हणतोय २,६००. मग पडला त्याहून जास्त वाहिला का? बाहेरून कोणी पाणी आणून टाकत नसेल तर हे अशक्य आहे. तिथेच थांबायचं. कोणतंही सॉफ्टवेअर उघडायचं नाही. पाऊस जास्त आणि पाणी कमी असलं तरी लगेच खूष व्हायचं नाही. मधल्या फरकातून वर्षाचं बाष्पीभवन सुटतं का ते बघायचं. सगळा हिशेब एका पानात होतो, आणि माझं प्रामाणिक मत आहे की हे एक पान ज्या रिपोर्टमध्ये नाही त्याचा पुढचा ग्राफ बघण्यात अर्थ नाही.

एवढं वाचून वाटेल की ही ईरा-५ ची बदनामी चालली आहे. तसं नाही. बाष्पीभवन काढायला जे लागतं, म्हणजे तापमान, वारा, आर्द्रता, सूर्यप्रकाश, ते सगळं तिथून बिनधास्त घ्यावं असं माझं मत आहे. त्या गोष्टी पावसासारख्या दर दहा किलोमीटरला बदलत नाहीत आणि त्यातल्या बऱ्याचशा निरीक्षणांना बांधलेल्या आहेत. दुसरं म्हणजे जमिनीतला ओलावा. पृष्ठभागापासून जवळजवळ तीन मीटर खोलीपर्यंत चार थरांत तो मिळतो. त्याचा अचूक आकडा घेऊ नये, कारण तोही त्याच पावसातून आलेला आहे. पण जमीन कोरडी आहे की भिजत आली आहे हा कल त्यातून कळतो, आणि वरच्या कर्व्ह नंबरच्या गणितात तो किती महत्त्वाचा आहे ते आपण पाहिलंच. तिसरं, जिथे मापकच नाहीत अशा जगातल्या असंख्य नद्यांसाठी हाच एक आधार आहे. युरोपच्या ग्लोफास या यंत्रणेत ईरा-५ चा डेटा लिसफ्लड नावाच्या मॉडेलला देऊन जगभरच्या नद्यांचा रोजचा विसर्ग १९७९ पासून काढून ठेवलेला आहे, सुमारे पाच किलोमीटरच्या चौकोनांवर. गंगा-ब्रह्मपुत्रेसारख्या अवाढव्य नद्यांत छोट्या छोट्या चुका एकमेकींना कापत जातात. पंचगंगेसारख्या साडेतीन चौकोनांच्या नदीत कापायला दुसरं कोणी नसतं.

मग पावसाचं काय करायचं? आपल्याकडे भारतीय हवामान विभागाचा पाव अंशाचा रोजचा पाऊस आहे, तोही १९०१ पासून. तो मापकांवरून काढलेला आहे. देशभरातली ६,९५५ केंद्रं त्यासाठी वापरली गेली, अर्थात रोज सगळी नसतात. चौकोन तेवढाच मोठा, पण निदान मोजलेला पाऊस. घाटावर मापकं विरळ असल्यामुळे तिथेही दोन केंद्रांच्या मधला पाऊस अंदाजानेच भरलेला असतो, हे विसरू नये. दुसरा पर्याय म्हणजे इमडा. नोएडाच्या राष्ट्रीय मध्यम अवधी हवामान अंदाज केंद्राने ब्रिटिश हवामान खात्याबरोबर केलेलं हे खास भारतीय मान्सूनचं रीअनॅलिसिस, १९७९ पासूनचं. त्याचा चौकोन १२ किलोमीटरचा. म्हणजे ईरा-५ च्या एका चौकोनात याचे पाच चौकोन, आणि सह्याद्री निदान टेकडीएवढा तरी उभा राहतो. पाऊस मात्र इथेही मॉडेलचाच.

तिसरा मार्ग, ईरा-५ चा पाऊस मापकांवरून दुरुस्त करणे. सगळ्यात सोपं म्हणजे गुणक लावणे. सरासरी निम्मी येते ना, दोनने गुणा. पण त्याने रिमझिमही दुप्पट होते आणि मुसळधारही, आणि रिमझिम मॉडेलमध्ये आधीच जास्त असते. त्याहून बरी पद्धत म्हणजे क्वांटाइल मॅपिंग. नाव अवघड वाटलं तरी आपण सगळे त्यातून गेलो आहोत. सीईटीच्या वेगवेगळ्या शिफ्टचे पर्सेंटाइल! एका शिफ्टचा पेपर अवघड असला तरी पंच्याण्णव पर्सेंटाइल तो पंच्याण्णव पर्सेंटाइल. तसंच मॉडेलचा जो पाऊस त्याच्या सगळ्या दिवसांत पंच्याण्णवाव्या पायरीवर आहे, त्याच्या जागी मापकाच्या पंच्याण्णवाव्या पायरीवरचा आकडा ठेवायचा. यात दोन मर्यादा आहेत. मॉडेलने पाऊस मंगळवारऐवजी बुधवारी पाडला असेल तर तो बुधवारीच राहतो. आणि शिफ्टमध्ये कोणी आजवरच्या टॉपरपेक्षा जास्त मार्क काढले, म्हणजे इतिहासात नोंद नाही असा पाऊस आला, तर त्याला द्यायला पायरीच शिल्लक नसते. २०१९ किंवा २०२१ नेमकी अशीच वर्षं.

वेळेवरून आठवलं. ही फाइल जागतिक वेळेत असते. आपला पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ, जागतिक वेळेत रात्री तीन ते तीन. फाइलमधल्या तारखेप्रमाणे बारा ते बारा बेरीज केली की दोन्हींतला दिवस सरकतो. पंचगंगेत घाटातलं पाणी शहरापर्यंत यायला तसा थोडाच वेळ लागतो, त्यामुळे एवढ्या सरकण्यानेही पुराचा माथा भलत्याच दिवशी येतो. एकक मीटर असतं, मिलिमीटर नाही. तेव्हा सगळीकडे ०.००२ असं दिसलं म्हणून दुष्काळ जाहीर करू नका. आणि ९ किलोमीटरचं जे ईरा-५ लँड आहे त्यात तासाचा आकडा त्या तासाचा नसतो, दिवसाच्या सुरुवातीपासूनचा जमा असतो. चोवीस तासांची बेरीज केली तर पंचगंगाच काय, अरबी समुद्रालाही पूर येईल. शिवाय हे लँड वेगळा पाऊस तयार करत नाही, ईरा-५ चाच पाऊस बारीक चौकोनांवर पसरवतं. चौकोन लहान दिसले म्हणून घाटमाथा सापडला असं समजू नये.

एवढं सगळं नीट केलं तरी पाऊस ते पातळी हा रस्ता सरळ नाही. रीअनॅलिसिसला राधानगरीचा दरवाजा कधी उघडला ते माहीत नसतं. नृसिंहवाडीला कृष्णा फुगलेली असेल तर पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. मग तेवढ्याच विसर्गाला राजाराम बंधाऱ्यावर दोन वेगळ्या वर्षी दोन वेगळ्या पातळ्या दिसतात. म्हणून आम्ही ठरवलं आहे की फुटांशी नाही, विसर्गाशी जुळवायचं, आणि तेही धरणाच्या वरच्या भागापासून सुरू करायचं, जिथे मधे दरवाजा नाही. काम अजून चालू आहे, म्हणून आमचे ग्राफ इथे देत नाही.

कोणाला करून बघायचं असेल तर कोपर्निकसच्या साइटवर फुकट नोंदणी करा. अक्षांश १६.२५ ते १७ आणि रेखांश ७३.७५ ते ७४.७५ एवढाच तुकडा कापून मागा, सगळी पंचगंगा त्यात येते. अख्खं जग डाउनलोड करायला लावू नका, लॅबमधले सर ओरडतात. मागणी टाकली की ती रांगेत लागते, कधी दहा मिनिटं, कधी अख्खी रात्र. वर्ष-वर्षाचे तुकडे करून मागितलं तर लवकर मिळतं.